बारा व्होल्टांचा षड्ज

घरात साधा झिरोचा दिवा लावायचा तरी त्याला दोन वायरी लागतात: एक वीज आणणारी, दुसरी परत नेणारी. मोटारीत मात्र दिव्याला, हॉर्नला, वायपरला एकेकच वायर पुरते. बॅटरीचं काळं टोक गाडीच्या लोखंडी अंगाला जोडलेलं असतं आणि काम उरकून वीज माघारी जाते ती या अंगातून, म्हणजे दाराच्या ज्या चौकटीला धरून आपण आत शिरतो आणि ज्या पत्र्यावर पाय टेकतो, त्याच पत्र्यातून. सबंध गाडी ही चार चाकांवर उभी असलेली एक लांबरुंद वायर असते. हे समजल्यापासून आमच्या जुन्या पांढऱ्या गाडीकडे मी जरा अदबीने पाहू लागलो. इतकी वर्षं आम्ही सहकुटुंब, डब्यांसकट आणि आहेराच्या पिशव्यांसकट, एका वायरीत बसून धारहून इंदूरला लग्नामुंजींना जात होतो आणि कुणाच्या केसालाही धक्का लागला नव्हता. बारा व्होल्टांचा स्वभावच सौम्य. कोरडा हात लागला तरी काही कळत नाही. पण त्याच बॅटरीच्या दोन टोकांवर पाना आडवा पडला, तर बघता बघता तापून लाल होतो. आमच्या घराण्यात या स्वभावाचे दोन काका होऊन गेले.

गाडीतल्या गाण्याच्या यंत्राला आमच्याकडे माळव्यात अजून डेक म्हणतात, कॅसेटचे दिवस सरले तरी. आमचा डेक वयोमानाने मुका झाला. आधी डावी बाजू गेली, मग उजवी, आणि शेवटी नुसता निळा दिवा उरला; तो मात्र रात्री मोठा देखणा दिसायचा. भाच्याचं म्हणणं, "मामा, आता मोठ्या स्क्रीनचा घ्या, नकाशापण दिसेल." पण धारहून मांडूला जायला नकाशा कशाला हवा? नालछ्यापर्यंत रस्ता तुम्हाला सोडत नाही आणि पुढे घाट सोडत नाही. शिवाय दारांतले स्पीकर धडधाकट होते, आणि गाणी तर हल्ली सगळ्यांच्या खिशातच असतात. उणीव होती ती मधल्या माणसाची. फोनाचा नाजूक आवाज समजून घ्यायचा आणि स्पीकरच्या कागदी पडद्याला हलवता येईल इतक्या जोराने पुढे सांगायचा, एवढंच त्याचं काम. ॲम्प्लिफायर म्हणजे दुसरं काही नाही. तो गात नाही, चाल लावत नाही, शब्दाला शब्द जोडत नाही. दरबारातल्या चोपदारासारखा तो आतली गोष्ट बाहेरच्या चौकात ऐकू जाईल अशी पुकारतो आणि गप्प उभा राहतो.

असा चोपदार टीडीए २००३ या नावाने मिळतो. पाच पायांचा काळा तुकडा, पाठीला धातूची पाटी, पाटीला एक भोक. मुळात तो मोटारीतल्या रेडिओसाठीच घडवलेला, म्हणून आठपासून अठरा व्होल्टांपर्यंतच्या चढउतारात तो सुखाने नांदतो. डाव्या-उजव्या कानांसाठी दोन तुकडे, सोबत काही कपॅसिटर आणि मूठभर रेझिस्टर, असा हा सगळा संसार लोणच्याच्या बरणीच्या झाकणाएवढ्या पट्टीवर मावतो. मी तो ओसरीवर बसून जोडला. सोल्डर करताना जवळून पाहावं. तांब्याला पुरेशी ऊब मिळेपर्यंत कथलाचा थेंब हटून बसलेला असतो. ऊब मिळाली की एकाएकी राग विसरल्यासारखा पसरतो, पायाभोवती चकाकत चढतो आणि पापणी लवायच्या आत थिजतो. राळेचा धूर नेमका आपल्याच डोळ्यांत येतो, बसायची दिशा बदलली तरी. पाच पायांतला मधला पाय जमिनीचा, म्हणजे बॅटरीच्या काळ्या टोकाचा. पाठीची धातूची पाटी आणि हा मधला पाय आतून एकच असतात. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढे तिच्यावरून रामायण व्हायचं आहे.

ताकदीचं म्हणाल, तर बाजारातल्या खोक्यांवर हजार-हजार वॉट छापलेले असतात. पीएमपीओ या अक्षरांच्या आडोशाला कोणताही आकडा सुखेनैव राहू शकतो. संस्थानिकांच्या किताबांप्रमाणे तो लांबतच जातो आणि त्याच्यामागे फौज किती हे कुणी विचारत नाही. गाडीचं गणित याहून गरीब आहे. भरलेली बॅटरी निवांत असताना साडेबारा व्होल्ट देते, इंजिन चालू झालं की अल्टरनेटर, ज्याला आमचे मिस्त्री डायनामोच म्हणतात, तो आकडा चौदाच्या आसपास नेतो. स्वराला या चौदांच्या मधोमध, सातावर उभं राहावं लागतं आणि तिथून सात वर, सात खाली, एवढंच झुलता येतं. चार ओहमच्या स्पीकरमधून अशाने साधारण सहा वॉट निघतात. त्याहून मोठ्याने गायला लावलं, तर लाटेचा माथा छताला आपटून सपाट होतो. आवाज फाटला असं आपण म्हणतो तेव्हा झालेलं असतं ते हेच: मांडूच्या डौलदार घुमटावर कुणी करवत चालवावी आणि त्याची गच्ची करून टाकावी. पण सहा वॉट म्हणजे थोडे नव्हेत. कानाचा हिशोब उदार आहे; आवाज दुप्पट वाटायला ताकद दहापट लागते. म्हणजे शेजारच्या गाडीत साठ वॉट असले, तरी ती माझ्यापेक्षा दुपटीनेच ओरडणार, आणि तेही डिक्कीतली बॅगांची जागा घालवून. काचा लावलेल्या गाडीत एका वॉटमध्येसुद्धा भीमपलास भरून उरतो. हे सगळं मी भाच्याला समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण मामा, छाती हादरेल का?" त्यासाठी धारच्या पुढचा रस्ता आहे, असं मी त्याला सांगितलं.

मिळालेली गाडी आहे तशी न ठेवता तिच्यात काहीतरी आपलं घालायचं, ही खोड जुनी आहे. मांडूच्या वाटेवर तर तिला बादशाही मान्यता आहे. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो याच्याबरोबर आलेली विलायती घोडागाडी जहांगीराला नजर झाली. बादशहाने ती उलगडायला लावली, आपल्या कारागिरांकडून तशीच दुसरी करवून घेतली आणि मूळ गाडीचं अस्तर काढून तिला भारी कापड चढवलं. पितळी खिळे गेले आणि चांदीचे आले. १६१६च्या नोव्हेंबरात अजमेर सोडताना जहांगीर बसला तो या नव्या गाडीत. चार घोडे जुंपलेले आणि हाकायला इंग्रज गाडीवान. नक्कल इतकी हुबेहूब की रोला फरक कळला तो केवळ वरच्या इराणी मखमलीवरून. नव्याने नटवलेली विलायती गाडी नूरजहाँच्या वाट्याला आली होती. मजल दरमजल करत १६१७च्या मार्चमध्ये हा लवाजमा मांडूला पोचला. मला या गोष्टीतला बादशहा फारसा आठवत नाही. आठवतो तो कुणी एक सुतार, ज्याला ती गाडी पहिल्यांदा उलगडायला सांगितली असेल. समोर आयुष्यात कधी न पाहिलेली वस्तू आणि पाठीशी दिल्लीपती. प्रत्येक तुकडा कुठून निघाला हे त्याने जमिनीवर ओळीने मांडून ठेवलं असेल. डॅशबोर्ड उघडताना मीही स्क्रू एका बशीत क्रमाने मांडले होते, आणि सौभाग्यवतींनी ती बशी चहासाठी उचलली. जहांगीराच्या कारखान्यात निदान हा धोका नसणार.

वायरिंगसाठी मी गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. माझा बरणीच्या झाकणाएवढा ॲम्प्लिफायर तळहातावर घेऊन त्याने उलटसुलट पाहिला, जवाहिऱ्याने खोटा खडा पाहावा तसा, पण आब राखून. म्हणाला, "पहले फ्यूज, फिर म्यूज़िक, भाईसाब." इतकं नेटकं सुभाषित मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. फ्यूज हा ॲम्प्लिफायरला वाचवण्यासाठी असतो असा माझ्यासारख्यांचा समज. खरं म्हणजे तो वायरीला वाचवतो. बॅटरीपासून निघालेली वायर वाटेत कुठे पत्र्याला घासली, तिची साल निघाली, तर बॅटरीतले शेकडो अँपियर त्या वाटेने धावत सुटतात आणि आगीला निमित्त मिळतं. म्हणून फ्यूज बॅटरीच्या अगदी उशाशी, वीतभर-हातभर अंतरात. माझ्या सहा-सहा वॉटांच्या संसाराला पाच अँपियरचा पुरे झाला. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची लाल वायर, टोकाला दाबून बसवलेलं थिंबल, आणि बोनेटमधून आत शिरताना भोकाच्या धारदार कडेला रबरी ग्रोमेट. मधे एक रिले, म्हणजे किल्ली काढली की ॲम्प्लिफायरचंही दाणापाणी बंद. हेही लागतं, कारण हे चिप गप्प बसलेले असतानासुद्धा घोट घोट पीत राहतात. दोघांचे मिळून नव्वदएक मिलिअँपियर. पावसाळ्यात गाडी पंधरवडाभर उभी राहिली, की पस्तीस अँपियर-तासांची बॅटरी एकही गाणं न वाजवता रिकामी.

मग अर्थिंग. सीटखाली एक बोल्ट होता, तिथे काळी वायर कसायची. त्याने आधी पॉलिश पेपर काढला आणि बोल्टभोवतीचा रंग घासायला सुरुवात केली. पांढरा रंग गेला, खालचा करडा लेप गेला आणि मग रुपयाएवढं लोखंड लखलखीत वर आलं. "पेंट के ऊपर करंट नहीं बैठता," तो म्हणाला. जी गाडी आपण दर दसऱ्याला पुसून, झेंडूची माळ घालून पूजतो तिचं ते उघडं अंग पाहताना मला थोडं संकोचल्यासारखं झालं. दातेरी वॉशर, थिंबल, नट; वर पुन्हा ग्रीसचा थर, गंज धरू नये म्हणून. जोडायचं तर आधी रंग उतरावा लागतो आणि जोडून झाल्यावर लगेच झाकावंही लागतं, हा व्यवहार त्याने कुठलंही तत्त्वज्ञान न सांगता पार पाडला आणि हात पुसले.

किल्ली अर्धी फिरवून गाणं लावलं तेव्हा सगळं स्वच्छ होतं. इंजिन सुरू केलं मात्र, आणि गाण्याच्या मागे एक बारीक सूर येऊन उभा राहिला. ॲक्सिलरेटर दाबला की तो चढे, सोडला की मींड घेत उतरे. सौभाग्यवती म्हणाल्या, "डास आहे का हो आत?" भाचा म्हणाला, "मामा, गाडी गातेय." अल्टरनेटरमध्ये वीज जन्मते ती मुळात लाटांची, डायोड तिला सरळ करतात, पण लाटेची थोडी सुरकुती उरतेच, आणि इंजिन जितकं वेगात फिरेल तितकी ती सुरकुती वरच्या पट्टीत जाते. ही कुरकुर गाडीच्या अंगातून सतत वाहत असते. एरवी ती आपल्या कानांवर येत नाही. पण फोन चार्जरला लावलेला, चार्जरने आपली जमीन पुढच्या सॉकेटमधून घेतलेली. ॲम्प्लिफायरने आपली घेतलेली सीटखालच्या बोल्टवरून. आणि त्याच्या पाठीच्या पाटीला जोडलेल्या, तिची ऊब झेलणाऱ्या हीटसिंकची पाठ पत्र्याला घट्ट कसलेली, म्हणजे त्याला न मागता मिळालेली आणखी एक जमीन. प्रत्येक जण आपापल्या पायाखालच्या लोखंडाला शून्य मानून बसलेला, आणि या शून्याशून्यांत दोन-चार मिलिव्होल्टांचं अंतर. गाण्याची नाजूक केबल फोन आणि ॲम्प्लिफायर यांना जोडते, तेव्हा ते अंतर तिच्या जाळीदार आवरणातून वाहू लागतं. ॲम्प्लिफायर बिचारा प्रामाणिक. गाणं कुठलं आणि भांडण कुठलं हे त्याला कळत नाही. येईल ते शंभर पटीने मोठं करून चौकात पुकारायचं, एवढंच तो शिकलेला.

एका अंगात दोन शून्यं नांदली की काय होतं, हे देवासकरांना सांगावं लागत नाही. तुकोजीराव आणि जिवाजीराव या पवार बंधूंनी १७२८च्या सुमारास तिथे बस्तान बसवलं आणि पुढे एकाच गावात दोन गाद्या झाल्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. गावातल्या मुख्य रस्त्याच्या दोन बाजूंवर दोन राज्यांचा अंमल. एका बाजूचं पाणी वेगळं, दिवाबत्ती वेगळी, दुसऱ्या बाजूची वेगळी. दोघांनाही १५ तोफांच्या सलामीचा मान, म्हणजे एवढ्याशा गावात हिशोबाने तीस तोफा. माझ्या आत्याचं सासर देवासचं. रस्ता ओलांडून हळदीकुंकवाला जाणं म्हणजे परमुलखात जाणं, अशा आठवणी तिने सासूकडून ऐकलेल्या, आणि अजूनही एखाद्या कुटुंबाचं नाव निघालं की ती हलक्या आवाजात सांगते, "ते ना, धाकट्या पातीतले." यात निंदा नसते, स्तुतीही नसते. बोल्ट कुठला, एवढीच माहिती असते. १९२१ मध्ये इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर थोरल्या पातीच्या महाराजांकडे काही महिने चिटणीस होता. बागा आणि मोटारींबरोबर विजेची व्यवस्थाही त्याच्याकडे आली होती. राजवाड्यातले पियानो त्याने पाहिले तेव्हा ते नवेकोरे होते आणि वाजण्याच्या पलीकडे गेलेले होते. देवासच्या कोरड्या हवेने त्यांच्या चौकटी तडकल्या होत्या.

पियानोला न मानवलेली हीच कोरडी हवा पुढे एका गवयाला मानवली. १९४८ मध्ये दोन्ही पाती मध्य भारतात विलीन झाल्या, आणि त्याच वर्षी क्षयाने ग्रासलेले तरुण कुमार गंधर्व हवापालटासाठी देवासला राहायला आले. गायला डॉक्टरांची बंदी. पाच-सहा वर्षं ते नुसते पडून ऐकत राहिले: माळव्यातल्या बायांची गाणी, निर्गुणी भजनं म्हणणारे जोगी, पाखरं. १९५३च्या आसपास ते पुन्हा मैफलीत बसले तेव्हा एक फुफ्फुस निकामी झालेलं होतं. लांब दमाच्या ताना आता परवडणाऱ्या नव्हत्या; छोटे, नेमके, उसळून येणारे स्वर होते, मधे जागा सोडलेली होती, आणि त्या जागाही गात होत्या. सहा वॉटांच्या माणसाने हजार वॉटांच्या खोक्याकडे पाहून का हसावं, याचं याहून चांगलं कारण मला माहीत नाही. त्यांचं तानपुरे लावणं हा तर स्वतंत्र सोहळा असे. जव्हारीखालचा दोरा केसभर सरकवायचा, ऐकायचं, पुन्हा सरकवायचा. श्रोते ताटकळले तरी हरकत नाही. षड्ज ऐकायला कुणी तिकीट काढून येत नाही, पण पुढचं सगळं मोजलं जातं ते त्याच्यापासून. दोन तानपुऱ्यांचे षड्ज जर केसभर वेगळे असतील, तर वर कितीही दिव्य यमन चालला असो, खाली डास गुणगुणत राहणार.

तेव्हा आमच्या गाडीतही तानपुरे लावायला घेतले. पुढच्या सॉकेटची जमीन सोडवून तिथून वेगळी काळी वायर सीटखाली आणली. ॲम्प्लिफायरची तिथेच. फोनाची त्याच वाटेने. सगळ्यांची थिंबलं एकाच बोल्टवर, एकावर एक, वर नट. हीटसिंकचं लोखंडाशी असलेलं परस्पर संधान तोडायचं होतं, म्हणून जुन्या पाटाची सागवानी फळी कापून त्याला तिच्यावर बसवलं आणि फळी पत्र्यावर. मिस्त्री म्हणाला, "गाड़ी में लकड़ी?" मी त्याला जहांगीराच्या घोडागाडीविषयी सांगणार होतो, पण त्याच्यामागे रिक्षांची रांग होती. इंजिन लावलं. ॲक्सिलरेटर दाबला, सोडला, पुन्हा दाबला. मागचा सूर गेला होता. सौभाग्यवतींनी कान देऊन सांगितलं, "काहीच नाही ऐकू येत." लाल वायर, थिंबल, रिले, ग्रोमेट आणि आजीचा पाट खर्चून जे कमावलं ते हे, काहीच ऐकू न येणं. बाजारातल्या कुठल्याच खोक्यावर ते छापलेलं नसतं. आवाज वाढवायला पाच पायांचा एक किडा पुरतो. सगळ्यांना एका शून्यावर आणायला मात्र गाडी निम्मी उघडावी लागते. संस्थानं, मैफली आणि एकत्र कुटुंबं यांचाही खर्च बहुधा याच खात्यावर पडत असावा.

पाऊस धरला तसे आम्ही मांडूला निघालो. आत्या देवासहून मुद्दाम आली. आषाढातलं मांडू ढगांत इतकं बुडालेलं असतं की काकडा खोहपाशी दरी आहे हे फलकावरूनच समजावं. गाडीत सहा वॉटांचा गौड मल्हार चालू, काचेवर वायपरचा ठेका, तो अर्थातच वेगळ्या लयीत. आलमगीर दरवाजा मागे पडला. रस्त्याकडेला भुट्टे भाजत होते आणि मांडूच्या चिंचेची, त्या ढेरपोट्या गोरखचिंचेची, टरफलाची फळं मांडून बायका बसल्या होत्या. दाल-पानिये खाऊन आम्ही बाजबहादूराच्या महालात गेलो. महाल त्याच्या नावाचा, पण त्यावरचा शिलालेख नासिरुद्दीन खिलजीच्या काळातला, १५०८-०९चा. माळव्याचा सुलतान बाजबहादूर त्यात राहायला आला गाणं घेऊन. १५६१ मध्ये अकबराची फौज आली. त्याच्या लाडक्या रूपमतीने विष घेतलं असं सगळे सांगतात. बाजबहादूर रानोमाळ हिंडून शेवटी १५७०च्या सुमारास अकबराच्या चाकरीत गेला, आणि आईन-इ-अकबरीतल्या गवयांच्या यादीत त्याचं नाव आदराने आलं. राज्य गेलं आणि गाणं नोकरीला लागलं. आत्याला यात वाईट काहीच दिसलं नाही. ती म्हणाली, "अरे, मनसब तर मिळाली ना. पेन्शन असलं की माणूस बरा गातो."

वाटेत ती जागा लागते जिथे उभं राहून सगळे दाईच्या महालाकडे तोंड करून ओरडतात. समोरची भिंत निदान सतरा मीटर दूर असेल आणि आवाज जाऊन यायला सेकंदाचा दहावा भाग लागेल, तरच कान त्याला वेगळा मोजतो. इथे अंतर त्याहून पुष्कळ, म्हणून उत्तर चांगलं सावकाश, विचार करून आल्यासारखं येतं. प्रतिध्वनी हा ॲम्प्लिफायरचा नेमका उलटा भाऊ. त्याला बॅटरी लागत नाही, अर्थिंग लागत नाही, पण दिलं त्याहून कमी परत करतो आणि उशिरा. मुलं आपापली नावं ओरडत होती. भाच्याने क्रिकेटपटूचं नाव घेतलं. मी संकोचाने नुसतं हं केलं. ते काही परत आलं नाही. मग आत्या पुढे झाली. तिचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. हयातीत तिने त्यांचं नाव एकदाही तोंडाने घेतलं नव्हतं, उखाण्यापुरतं सोडून. तिने पदर नीट केला, छत्री माझ्या हातात दिली आणि खणखणीत आवाजात हाक मारली, "अहो!"

क्षणभराने पलीकडून आलं, "हो."

पहिलं अक्षर दरीत कुठेतरी पडलं होतं. आत्याने मान डोलावली. "चला," ती म्हणाली, "यांचं नेहमी असंच. अर्धंच ऐकायचे, पण नाही कधी म्हणायचे नाहीत." आणि ती गाडीकडे अशा लगबगीने निघाली, की जणू घरी कुणी चहासाठी खोळंबलं आहे. मी मागून छत्री धरत गेलो. भाचा दोन पावलं मागे राहिला आणि त्यानेही हळूच एकदा अहो म्हणून पाहिलं. त्याला काही उत्तर आलं नाही. आवाज लहान पडला असावा.

परतीच्या वाटेवर गाणं कोणाचं लावायचं यावरून बोलाचाली सुरू झाली. आत्याला नाट्यपदं हवी होती, भाच्याला छाती हादरवणारं काहीतरी, सौभाग्यवतींना थोडा वेळ शांतता, आणि मला निर्गुणी भजन. लोखंडाची शून्यं एका बोल्टवर कसता येतात. माणसांच्या आवडींसाठी तसा दातेरी वॉशर अजून निघालेला नाही. अखेर आत्याने फैसला केला. एक गाणं थोरल्या पातीचं, पुढचं धाकट्या पातीचं, आणि मधल्या वेळात सुनबाईंची शांतता. "आणि माझं?" मी विचारलं. "तू मध्य भारत," ती म्हणाली, "तू गाडी चालव." विलीनीकरणात नेमकं कुणाच्या पदरात काय पडलं, हे मला त्या दिवशी प्रथमच नीट उमगलं. राज्याची वाटणी अशी सुरळीत झाली. आवाज किती ठेवायचा यावर मात्र नालछा आलं तरी तहाची बोलणी चालूच होती.